पत्राखालचं नाव

टॅमरॅक काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या कुणालाही विचारा, म्हातारपण कधी सुरू झालं? केस पिकल्याचं किंवा गुडघे धरल्याचं कुणी सांगणार नाही. 'व्हर्नाचा फोन आला त्या दिवशी,' असंच उत्तर मिळेल.

पासष्टावा वाढदिवस तीन महिन्यांवर आला की काउंटीच्या कर्मचारी विभागातून व्हर्ना माकेलाचा फोन यायचा. आवाज जाडसर, बोलणं मोजकं. मेडिकेअरचा बी भाग घेतलात का? नाही? मग पेन घ्या आणि सांगते ते लिहा. मेडिकेअर म्हणजे अमेरिकेत पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्य विमा; त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा बी भाग मात्र वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. बर्फ काढणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, तुरुंगातले पहारेकरी, रस्ते खात्यातले कामगार, काउंटीच्या दवाखान्यातल्या नर्सेस, सगळ्यांना हा फोन येऊन गेलेला. जो फोन उचलायचा नाही, त्याच्या दारात ती स्वतः जाऊन उभी राहायची.

एमिल झुपाननं तीस वर्षं काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली होती. समोरचं दिसत नाही अशा वादळात तो निवांत शीळ घालत जायचा, पण कागद समोर आला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. त्याची पासष्टी जानेवारीत आली. त्यानं फोन उचलला नाही आणि घरीही सापडला नाही. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायच्या खोपटात तो जाऊन बसला होता. व्हर्ना ऑफिसच्या बुटांनिशी अर्धा मैल बर्फ तुडवत गेली आणि तिनं खोपटाचं दार उघडलं.

"दार लाव गं, थंडी आत येतेय," एमिल म्हणाला.

"सही करा, लगेच लावते."

त्यानं मासे लागलेल्या बोटांनी सही केली. त्या अर्जाला पुढे कितीतरी दिवस माशांचा वास येत होता म्हणे.

या सगळ्या खटाटोपाला लोक हसायचे. पण तो तिचा स्वभाव नव्हता, त्यामागे हेझेल राउटिओ होती.

हेझेल तुरुंगाच्या स्वयंपाकघरात आचारीण होती. सहासष्टाव्या वर्षी तिनं नोकरी सोडली, तेव्हा व्हर्ना पंचवीस वर्षांची होती आणि खुर्चीवर नवीनच होती. हेझेलनं विचारलं, काउंटीचा विमा तर राहणारच आहे, मग मेडिकेअरच्या बी भागाचे पैसे दर महिन्याला कशाला भरू? व्हर्नानं माहितीपुस्तक चाळलं आणि म्हणाली, नका भरू.

नियम तसा होता, पण नोकरीत असणाऱ्यांसाठी. माणूस कामावर असेपर्यंत आधी काउंटीचा विमा पैसे देतो, मागून मेडिकेअर. निवृत्त झाला आणि पासष्टी ओलांडलेली असली की सगळं उलटं होतं, आधी मेडिकेअर, मागून काउंटी. त्यातही खोच अशी, की मेडिकेअर तुम्ही घेतलंच नसलं तरी काउंटीचा विमा ते घेतलंय असं धरूनच चालतो. तो आपला लहान वाटा देऊन मोकळा होतो. मोठा वाटा द्यायला मग कुणीच उरत नाही, तुम्ही सोडून.

वर्षभरानं हेझेल अंगणातल्या बर्फावर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. खाटेचा खर्च मेडिकेअरच्या फुकट मिळणाऱ्या ए भागातून सुटला, पण सर्जन, भूल देणारा डॉक्टर, नंतरचे व्यायाम, सगळं बी भागातलं. व्हर्नाचा त्या वेळचा साहेब म्हणाला, पुस्तकात सगळं लिहिलंय, वाचायची जबाबदारी त्यांची. व्हर्नानं सुट्टी टाकली आणि हेझेलला गाडीत घालून मेडिकेअरची नोंदणी करणाऱ्या, नव्वद मैलांवरच्या सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात नेलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तिथल्या बाईनं शांतपणे समजावलं: चुकीचा सल्ला आमच्या माणसानं दिला असता तर माफ करता आलं असतं. तुमच्या काउंटीच्या कारकुनानं दिलेला सल्ला आम्हाला माफ करता येत नाही.

"ती कारकून मीच," व्हर्ना म्हणाली.

त्या बाईनं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, पण नियम काही बदलला नाही. बी भाग सुरू व्हायला जुलैपर्यंत थांबावं लागलं, आणि उशिराचा दंड हेझेलच्या मागे जन्मभराचा लागला. तळ्याकाठी नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली केबिन तिला विकावी लागली. व्हर्ना रडत माफी मागायला गेली तर हेझेलनं तिला कॉफी दिली आणि म्हणाली, "तुला तरी कुणी शिकवलं होतं, पोरी?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. व्हर्नानं कानाला खडा लावला. त्या हिवाळ्यात तिनं मेडिकेअरचे नियम अथपासून इतिपर्यंत वाचून काढले, काउंटीचे कामगार संघटनेशी झालेले सगळे करार वाचले आणि पुढचे करार तर तिनं स्वतःच टाइप केले. त्यातलं कुठलं कलम कुठल्या पानावर आहे, हे तिला न बघता सांगता यायचं. त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत तिच्या हातून एकही माणूस बी भागावाचून राहिला नाही.

मग प्रेस्टन गुडेल आला.

गुडेल काउंटीचा नवा प्रशासक. चाळिशीचा, नीटनेटका, सगळ्यांना नावानिशी ओळखणारा. माणूस वाईट नव्हता. काउंटीचा विम्याचा खर्च दर वर्षी फुगत चालला होता, पूल दुरुस्तीला आले होते आणि काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डानं त्याला आणलंच होतं ते कात्री लावायला. त्यानं एक सल्लागार कंपनी बोलावली. कंपनीनं सुचवलं, निवृत्तांना मेडिकेअर आणि त्यामागे काउंटीचा जुना विमा असं दुहेरी कशाला ठेवता? सगळ्या चारशे बारा जणांना उचलून एका खाजगी मेडिकेअर योजनेत घाला. एकच कार्ड, वर चष्मा आणि दातांचा खर्च, आणि व्यायामशाळा फुकट.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गुडेलनं निवृत्तांना पाठवायचं पत्र व्हर्नाच्या टेबलावर ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत 'आनंदाची बातमी' असं लिहिलेलं. तुम्हाला काहीही करायची गरज नाही. एकवीस दिवसांत तुमचा नकार आला नाही तर संमती आहे असं समजलं जाईल. खाली सहीची जागा आणि छापलेलं नाव: व्हर्ना माकेला.

व्हर्नानं पत्र वाचलं. सोबतची पत्रकंही वाचली. सातव्या पानावर बारीक टायपात लिहिलं होतं की जो नकार देईल त्याचा काउंटीचा विमा कायमचा बंद होईल. मग तिनं योजनेतल्या रुग्णालयांची यादी काढली. जिल्ह्यातले अर्धे हृदयरोगी ज्या मोठ्या रुग्णालयात जायचे ते यादीत नव्हतं. एमिलची बायको डोलोरेस तिथेच जायची. तिच्या हृदयाची झडप डिसेंबरात बदलायची ठरली होती.

ती पत्र घेऊन गुडेलच्या खोलीत गेली.

"यावर मी सही करणार नाही."

गुडेलनं तिला बसायला सांगितलं. त्यानं आकडे दाखवले, पुलांचे फोटो दाखवले. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "व्हर्ना, माझी आई अशाच योजनेत आहे. खूष आहे ती. आणि तुमचीच सही का, ते खरं सांगतो. माझ्या सहीचं पत्र ते कचऱ्यात टाकतील. तुमचं वाचतील."

"वाचणार नाहीत. माझं नाव बघतील आणि न वाचता विश्वास ठेवतील. तुम्हाला तेच हवंय."

"नियमात बसतंय सगळं."

"बसत असेल. तुमच्या आईनं ती योजना स्वतः निवडली ना? मग यांनाही निवडू द्या. आणि २००४ च्या आधी जे निवृत्त झाले त्यांच्या करारात काय लिहिलंय ते एकदा वाचा. मीच टाइप केलंय, म्हणून सांगते."

करार वकिलांनी पाहिलाय, असं गुडेल म्हणाला. कुठल्या वकिलांनी, असं व्हर्नानं विचारलं. सल्लागार कंपनीच्या. व्हर्ना हसली आणि उठली. तिच्या त्या हसण्याचा गुडेलला राग आला असावा, कारण तीन दिवसांत दोन गोष्टी झाल्या. पत्र सहीविना निघालं, पण खालचं छापील नाव तसंच राहिलं. आणि माणसं कमी आहेत या कारणानं व्हर्नाची बदली समोरच्या दालनात, गाड्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर झाली. विम्याबद्दल निवृत्तांशी बोलायचं नाही, असं तिला लेखी कळवलं गेलं.

गाड्यांच्या खिडकीपाशी जायला टोकन घ्यावं लागतं. पहिल्या सोमवारी सकाळी यंत्रातली टोकनं दहा वाजताच संपली. बाकांवर सगळी पिकली डोकी. एकोणपन्नास नंबरचं टोकन एमिलचं होतं.

"ट्रकच्या नंबरपाटीचं बघायचं होतं," त्यानं मोठ्यानं सांगितलं आणि पत्र काचेखालून सरकवलं. "ही पाटी बरी आहे का गं?"

व्हर्नानं पत्राकडे पाहिलं, मग दालनापलीकडच्या गुडेलच्या दाराकडे.

"ट्रक कुठल्या साली घेतला?"

"निवृत्त झालो त्याच साली. दोन हजार तीन."

"मग जुनीच पाटी तुमची आहे. कुणी काढून घेऊ शकत नाही. पण गप्प बसलात तर काढतील."

"आणि डोलोरेसच्या गाडीचं? तिला डिसेंबरात गॅरेजला न्यायचंय."

व्हर्ना काचेजवळ वाकली. ती हळू म्हणाली, "ते गॅरेज नव्या यादीत नाही, एमिल. मंगळवारी संध्याकाळी सहाला बोर्डाची बैठक आहे. सभागृह सगळ्यांसाठी खुलं असतं. येताना चष्मा आणा."

दिवसभर तेच चाललं. कुणाला बोटीचा परवाना, कुणाला मोटारसायकलचा, आणि एका ब्याऐंशी वर्षांच्या निवृत्त नर्सला बर्फावरच्या स्कूटरचा. शेजारच्या खिडकीवरची मुलगी ओठ दाबून हसत होती. गुडेल दोनदा येऊन मागे उभा राहिला, पण ऐकायला त्याला गाड्यांशिवाय काहीच मिळालं नाही.

मंगळवारी दुपारी त्यानं व्हर्नाला बोलावलं. बैठकीत बोललात तर त्याचा परिणाम नोकरीवर होऊ शकतो, असं तो म्हणाला. व्हर्नानं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्याच्यासमोर ठेवला.

"मी कर्मचारी म्हणून येत नाहीये. या काउंटीत मी घरपट्टी भरते, ती बाई बोलायला येतेय."

ती घरी गेली.  नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला बारा वर्षं झाली होती, घर एकटीच्या पगारावर चालत होतं आणि निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. तिनं कोट चढवला आणि करारातल्या त्या दीड पानाची प्रत घडी घालून खिशात ठेवली.

सभागृहात बसायला जागा नव्हती. डोलोरेसही आली होती, ओठ निळसर, मांडीवर अक्रोडाच्या पावाचा डबा. एवढी माणसं उपाशी बसणार म्हणून तिनं तो भाजून आणला होता. बोर्डाचे पाच सदस्य वरच्या टेबलाशी बसलेले. अध्यक्ष लायल हेगबर्ग हा लाकडाच्या वखारीचा मालक. त्यानं नियम वाचून दाखवला, प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं, एकाची मिनिटं दुसऱ्याला देता येणार नाहीत.

व्हर्ना माइकसमोर उभी राहिली.

"पत्राखाली माझं नाव छापलंय," ती म्हणाली. "पत्र मी लिहिलेलं नाही. सही करायला सांगितलं होतं, मी केली नाही. या लोकांनी एकोणतीस वर्षं माझ्या नावावर भरवसा ठेवलाय. ते नाव मी परत घेते. तुमच्यापैकी सातवं पान कुणी वाचलंय?"

 एक सदस्य पानं उलटायला लागला.

मग तिनं खिशातला कागद काढून वाचायला सुरुवात केली. जे कर्मचारी या कराराच्या काळात निवृत्त होतील त्यांना निवृत्तीच्या दिवशी होता तोच विमा, मेडिकेअरच्या मागे दुसरा म्हणून, हयातभर... हेगबर्गनं हातोडी आपटली. तीन मिनिटं झाली होती.

"माझं अजून सव्वा पान वाचून व्हायचंय."

"नियम सगळ्यांना सारखाच, व्हर्ना. बसा."

ती बसली नाही, बाजूला झाली. मागून एमिल उठला. कागदाची भीती वाटणारा एमिल. त्यानं तिच्या हातातून कागद घेतला, माइकपाशी गेला, नाव सांगितलं, आणि जिथे ती थांबली होती तिथून वाचायला लागला. शब्द अडखळत होते, एक ओळ तर त्यानं दोनदा वाचली. त्याची तीन मिनिटं तीन वाक्यांत संपली. मग ब्याऐंशी वर्षांची नर्स आली. तिनं चष्मा आणला नव्हता, तिनं एमिलचाच नाकावर चढवला आणि 'हयातभर' हा शब्द एवढ्या जोरात वाचला की माइक शिट्टी मारायला लागला. मग तुरुंगाचा जुना पहारेकरी, मग रस्ते खात्यातले दोघे भाऊ. नऊ जणांनी मिळून ते दीड पान संपवलं. संपल्यावर दहावा उठला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाला.

हेगबर्गनं हातोडी उचलली आणि न आपटता खाली ठेवली. रांगेत त्याचा सख्खा काका उभा होता.

साडेआठला बोर्डानं ठराव केला: पत्र मागे घ्यायचं, आणि करार काउंटीच्या स्वतःच्या वकिलाला दाखवायचा. बाहेर गाड्यांपाशी डोलोरेसनं पावाचे तुकडे वाटले. व्हर्नाला खावेना. डोलोरेसनं डबा एमिलकडे दिला आणि दोन्ही तळव्यांत तिचे हात धरून तशीच उभी राहिली. गार पडलेले हात डोलोरेसचे स्वतःचेच होते, पण त्याचं तिला काही नव्हतं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी वकिलाचं मत आलं. २००४ च्या आधी निवृत्त झालेल्यांना दिलेला शब्द मोडता येणार नाही, त्यांचा जुना विमा आहे तसा राहील. त्यानंतरच्या करारांत मात्र ते वाक्य नव्हतं. त्यांना नव्या योजनेत घालता येईल. बोर्डानं तसंच केलं. चारशे बारापैकी दोनशे शहाऐंशी वाचले, एकशे सव्वीस गेले. डोलोरेसची झडप डिसेंबरात तिच्याच रुग्णालयात बदलली आणि वसंतात ती एमिलच्या मागे लागून अंगण खणून घ्यायला लागली.

व्हर्नाला लेखी ताकीद मिळाली. कामाच्या मर्यादा ओलांडल्या, वरिष्ठांच्या सूचनेचा हेतू डावलला, असं त्यात होतं. उत्तर द्यायचा हक्क असतो. तिनं एका ओळीचं उत्तर लिहिलं आणि आपल्या फाइलमध्ये ताकिदीशेजारी लावायला लावलं: 'हे सगळं खरं आहे, आणि वेळ आली तर मी पुन्हा करीन.'

जुन्या खुर्चीवर तिला परत बसवलं नाही. विम्याचं काम दुसऱ्या राज्यातल्या एका फोन केंद्राकडे गेलं. गुडेल दोन वर्षांनी मोठ्या काउंटीत निघून गेला. जाताना तो तिच्या खिडकीपाशी येऊन गाडीची नोंदणी बदलून घेऊन गेला. दोघं एकमेकांशी नीट बोलली. त्यानं जाता जाता विचारलं, आईला दुसरं रुग्णालय हवंय आणि योजना बदलायचीय, कधी बदलता येते? तिनं तारखा एका चिठ्ठीवर लिहून दिल्या.

व्हर्ना साठाव्या वर्षी निवृत्त झाली. अर्थात २००४ नंतर खूप वर्षांनी. ती स्वतः त्या एकशे सव्वीसांच्याच बाजूला पडली. जे वाक्य तिनं सभागृहात वाचलं, ते तिच्यासाठी नव्हतंच, आणि हे तिला त्या संध्याकाळी पूर्ण माहीत होतं. एमिलला ते उशिरा कळलं. तो भडकून तिच्या घरी आला.

"मूर्ख आहेस का तू? स्वतःचं काही मिळत नसताना नोकरी पणाला लावलीस?"

"तुमचं तर राहिलं ना?"

"आणि तुझं?"

"माझं आत्ता सुरू झालंय," असं म्हणून तिनं त्याला वह्या दाखवल्या. नव्या योजनेत गेलेल्यांच्या घरी जाऊन तिनं लिहून आणलेली एकेक हकिकत. कुणाचा उपचार परवानगीसाठी किती आठवडे अडला, कुणाला किती दूर पाठवलं, कुणी कंटाळून उपचारच सोडला. तारखा, डॉक्टरांची नावं, नकाराच्या पत्रांच्या प्रती. सत्तर घरं झाली होती, बाकीची व्हायची होती.

गेल्या वर्षी ती बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली, हेगबर्गच्याच विरुद्ध. एकतीस मतांनी पडली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती काउंटीच्या कार्यालयात गेली, पुढच्या वेळचा उमेदवारी अर्ज कधीपासून मिळतो ते विचारलं आणि तारीख लिहून घेतली. परत येताना रस्त्यात हेगबर्ग भेटला. तो म्हणाला, आता तरी घरी बसा, व्हर्ना. तिनं त्याला सांगितलं की घरी बसायला तिला वेळ नाही, अजून छप्पन्न घरं राहिलीत, आणि त्यातलं एक त्याच्या बहिणीचं आहे.